बारा फटक्यांचं अंतर

१८७० चा सप्टेंबर. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, प्रेस्टविकच्या वाळूच्या टेकाडांत तुम्ही उभे आहात. समुद्रावरचा वारा कानात शिरतोय. पायाखालचं गवत मेंढ्यांनी खाऊन आखूड केलेलं. शेजारच्या कॅडीच्या काखेत काठ्यांचा भारा आहे. खांद्यावरच्या पिशव्या अजून आलेल्या नाहीत. तो ओल्या वाळूचा चिमूटभर उंचवटा करून त्यावर चेंडू ठेवतो. हातात घेऊन बघा: झाडाच्या चिकाचा, गटापर्चाचा, टणक गोळा.

खेळायला येतो टॉम मॉरिस, वय वर्षं एकोणीस. त्याचे वडील, थोरले टॉम, गोल्फची ही स्पर्धा, ब्रिटिश ओपन, चार वेळा जिंकलेत. पहिलं होल ५७८ यार्डांवर. हिकरीच्या काठीनं तिथवर पोहोचायलाच तीन दमदार फटके हवेत. तुम्ही मोजता: एक, दोन... आणि तिसऱ्या फटक्याला चेंडू थेट होलात!

गर्दीबरोबर पुढे चला. ग्रीनजवळ आलात की त्याच्या हाताकडे बघा. छोट्या लोखंडी तोंडाची काठी त्यानं काढलीय. गाडीच्या चाकोरीत अडकलेला चेंडू उकरायला लोक ती वापरतात. हा तीच घेऊन चेंडू उंच उडवतो आणि पडल्या जागी थांबवतो. बाकीचे चेंडू घरंगळत नेतात. बारा होलांचं मैदान, एका दिवसात तीन फेऱ्या, ३६ होल: टॉमचे १४९ फटके. दुसऱ्या क्रमांकावरचे दोघं बारा फटके मागे. सलग तिसऱ्या विजयामुळे लाल चामड्याचा विजेत्याचा पट्टा कायमचा त्याचा होतो. पुढच्या वर्षी द्यायला पट्टाच नाही, आणि स्पर्धाही होत नाही.

तिथून १९५० च्या जूनमध्ये या, फिलाडेल्फियाजवळच्या मेरियनला. काठ्या आता पोलादी. बेन होगनच्या विजारीखाली दोन्ही पायांना पट्ट्या गुंडाळलेल्या आहेत. सोळा महिन्यांपूर्वी समोरून आलेली बस त्याच्या गाडीवर आदळली. बायकोला वाचवायला तो तिच्या अंगावर झेपावला आणि स्वतःही वाचला. आज यूएस ओपनचे शेवटचे ३६ होल एकाच दिवशी चालायचे आहेत. संध्याकाळी अठराव्या होलवर तो एक नंबरचं आयर्न उचलतो. चेंडू ग्रीनवर. दोन पटमध्ये चेंडू होलात, आणि पहिल्या क्रमांकासाठी बरोबरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा १८ होल, त्यात ६९ फटके, आणि विजेतेपद.

सर्वांत थोर गोल्फपटू कोण, हे ठरवताना मोठ्या स्पर्धा किती जिंकल्या ते मोजून क्रम लावणं मला पटत नाही. टॉमच्या काळी आजच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एकच होती. १९५३ मध्ये होगननं तीन जिंकल्या. चौथीच्या तारखा ब्रिटिश ओपनशी भिडत होत्या. जॅक निकोलसच्या नावावर १८ आहेत, आणि तो आकडा थोरच आहे. पण त्याच्या काळात चारही दारं उघडी होती.

आता कॅलिफोर्निया, पेबल बीच, जून २०००. शुक्रवारी साठ वर्षांचा निकोलस आपली शेवटची यूएस ओपन खेळून निरोप घेताना दिसतो. त्याच मैदानावर चोवीस वर्षांचा टायगर वुड्स सहाव्या होलला दाट गवतातून चेंडू कड्यावरून पलीकडे भिरकावतो. रविवारी त्याचे २७२ फटके होतात, दुसऱ्या क्रमांकापेक्षा पंधरा कमी. त्याचा चेंडू भरीव गाभ्याचा, नव्या बनावटीचा. बहुतेकांचे अजून रबराचा दोरा गुंडाळलेले. हा फायदा नजरेआड करू नये, पण पंधरा फटके काही चेंडू कमवून देत नाही.

बरोबरीच्यांपेक्षा खेळाडू किती पुढे होता, ही माझी मोजपट्टी. पंधरा फटके ७२ होलांत, बारा फटके ३६ होलांत. टायगरपुढे जगभरातले १५५ जण होते, टॉमपुढे जेमतेम मूठभर. टायगरच्या बाजूनं हा मुद्दा भक्कम आहे. तरीही माझा कौल टॉमला. होगन आणि टायगरपुढे कित्ता होता. उंच उडवून जागेवर थांबवायचा तो फटका टॉमनं कुणाकडे पाहून गिरवलेला नव्हता. १८७२ मध्ये तो चौथ्यांदा जिंकला. १८७५ च्या नाताळच्या दिवशी, बाळंतपणात बायको गेल्यावर चार महिन्यांच्या आत, तोही गेला. चोविसाव्या वर्षी, टायगर पेबल बीचला होता त्याच वयात.