तबकडीचें स्नान

ध्वनिमुद्रिकेच्या जन्माचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. तिच्या स्नानाचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाहीं. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या मुख्यत्वें लाख व दगडाची पूड यांच्या. १९०२ सालीं कलकत्त्यास मुद्रित झालेलें गौहरजानचें गाणें याच लाखेवरून घरोघर पोंचलें. अशी तबकडी कोरड्या फडक्यानें पुसली तर धूळ रेषांत अधिकच खोल बसते. धुऊन तशीच वाळविली तर सुटलेला मळ पुन्हां तळाशीं थिजतो. या अडचणीवर इंग्लंडांत पर्सी विल्सन यांनीं शोषणाची युक्ति काढली, आणि १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस कीथ मंक्स यांनीं तिचें यंत्र बाजारांत आणलें. त्यांत द्रावण व कुंचला मळ सोडवितात. मग बारीक नळी रेषेरेषेवरून फिरत तो ओला असतांनाच ओढून घेते. नळीच्या मुखाशीं सरकता दोरा असतो, म्हणून तिचें तोंड तबकडीस घांसत नाहीं.

परंतु विनाइलच्या तबकडीस मानवणारें मद्यार्कयुक्त द्रावण लाखेस विरघळवितें. धूळ काढूं जावें आणि गाणेंच पुसलें जावें, असा हा प्रसंग! जिची एकच प्रत उरली आहे त्या मुद्रिकेच्या बाबतींत ही चूक पुन्हां सुधारतां येत नाहीं. म्हणून यंत्र सुरू करण्यापूर्वीं हातांतली तबकडी कशाची घडली आहे, हें आम्हीं आधीं ओळखलें पाहिजे.