टाळी कधी वाजवायची? सिंफनीच्या सभागृहातल्या शांततेचा इतिहास



पाश्चात्त्य अभिजात वाद्यवृंद पहिल्यांदाच प्रत्यक्ष ऐकायला निघालेला माणूस मला हमखास एक प्रश्न विचारतो. सिंफनी म्हणजे काय, व्हायोलिनं किती असतात, हे तो विचारत नाही. तो विचारतो, "सर, टाळी कधी वाजवायची?" लोक या प्रश्नाला हसतात. मला तो हसण्यासारखा वाटत नाही, कारण त्यामागे भीती आहे. आपण चुकू आणि चारचौघांत आपलं अडाणीपण उघडं पडेल, ही ती भीती. कित्येक जण तिच्यापायी जातच नाहीत. आज आपण या भीतीचा इतिहास पाहू. तो वाटतो तितका जुना नाही.

आधी प्रसंग समजून घेऊ. सिंफनी साधारणपणे चार भागांची असते. एक भाग संपतो, वादक थांबतात, क्षणभर सगळं शांत. नवख्याचे हात आपोआप उठतात आणि शेजारचे वळून बघतात. आपल्याला हे जास्त टोचतं, कारण आपले कान वेगळ्या शाळेत शिकलेले. बैठकीत तान अचूक समेवर आली की दाद निघायलाच हवी. श्रोते गप्प राहिले तर गवई अस्वस्थ होतो. आणि 'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो सिनेमाच्या गाण्यांचा स्टेजवरचा कार्यक्रम, जिथे शिट्ट्याही चालतात. असा माणूस नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकायला जातो आणि त्याला वाटतं, ही शांतता या संगीताच्या जन्मापासूनची असणार.

तशी ती नाही. १७७८ साल घ्या. बावीस वर्षांचा मोझार्ट पॅरिसमध्ये आहे. जूनमध्ये तिथे त्याची नवी सिंफनी वाजली. पहिल्या भागाच्या मधोमध एक जागा त्याने मुद्दाम ठेवली होती. ती लोकांना आवडणार हे त्याला ठाऊक होतं. ती आली आणि वादन चालू असतानाच टाळ्या पडल्या. शेवटचा भाग त्याने फक्त व्हायोलिनांवर, हळू आवाजात सुरू केला. श्रोत्यांनी एकमेकांना "शू" करून गप्प केलं. मग सगळी वाद्यं एकदम गरजली आणि पुन्हा टाळ्या! हे त्याने वडिलांना आनंदाने कळवलं. त्याच पत्रात आई फार आजारी आहे असं लिहिलं. प्रत्यक्षात ती त्याच रात्री गेली होती. वडिलांच्या मनाची तयारी व्हावी म्हणून त्याने ते दडवलं. अशा रात्रीही जी दाद त्याला सांगावीशी वाटली, ती आजच्या नियमाप्रमाणे 'चुकीच्या जागी' पडलेली होती.

पुढे १८१३, व्हिएन्ना. बेथोव्हनच्या सातव्या सिंफनीचा पहिला कार्यक्रम, जखमी सैनिकांच्या मदतीसाठी. दुसरा भाग लोकांना इतका भावला की तो तिथल्या तिथे पुन्हा वाजवावा लागला. आपल्या संगीत नाटकातला 'वन्स मोअर'च म्हणा ना.

मग बदललं काय? दोन गोष्टी सांगतो. पहिली विचारातली. १८१० मध्ये ई. टी. ए. हॉफमन या लेखकाने बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीवर लांबलचक परीक्षण लिहिलं. ती एक अखंड रचना आहे, तिचे सगळे भाग आतून एकमेकांशी बांधलेले आहेत, असा त्याचा आग्रह. संगीत हे असं 'संपूर्ण' मानलं, की मधली टाळी म्हणजे वाक्य अर्ध्यावर तोडणं होतं.

दुसरी गोष्ट संस्थांची. लाइपझिगमध्ये कापड-व्यापाऱ्यांच्या इमारतीत १७८१ साली गेवांडहाउस सभागृह सुरू झालं. त्याचं ब्रीद सेनेकाचं एक लॅटिन वचन होतं. खरा आनंद ही गंभीर बाब आहे, असा त्याचा आशय. १८३५ पासून तिथे मेंडेल्सझोन होता. आपल्या 'स्कॉटिश' सिंफनीचे भाग मध्ये न थांबता सलग वाजवावेत अशी सूचना त्याने स्वतः केली. म्हणजे टाळीला फटच ठेवली नाही.

तरी सवय एका दिवसात मोडत नाही. याच लाइपझिगमध्ये १८५९ साली तरुण ब्राम्सने आपला पहिला पियानो कन्चेर्तो वाजवला. पहिल्या दोन भागांनंतर श्रोते थंड राहिले आणि शेवटी तर हिसहिसून नापसंती दाखवली. ब्राम्सला त्या मधल्या गप्प बसण्याचा अर्थ नीट कळला होता: कन्चेर्तो पडला. आज तीच शांतता सभ्यपणाची खूण आहे!

नियम कसा ताठर होत जातो, याचा एक किस्सा ऑपेराचा आहे. १८८२, बायरॉइट, वाग्नरचा 'पार्सिफाल'. कलाकारांना पुन्हा पुन्हा पडद्याबाहेर बोलावू नका, एवढंच वाग्नरचं म्हणणं. लोकांनी अर्थ घेतला की टाळ्याच वाजवायच्या नाहीत. पुढे एका प्रयोगात वाग्नर स्वतः "ब्राव्हो" ओरडला, तर त्यालाच गप्प करण्यात आलं!

ध्वनिमुद्रणाचाही यात हात असावा, असं मला वाटतं. १९१३ मध्ये आर्थर निकिशने बर्लिन फिलहार्मोनिककडून बेथोव्हनची पाचवी सिंफनी सबंध मुद्रित करून घेतली. त्याआधी आवडलेली जागा पुन्हा ऐकायची तर तिथेच मागावी लागे. तबडी घरी आली आणि 'वन्स मोअर'ची गरज संपली.

म्हणजे शांतता खोटी, असं मी म्हणतोय का? अजिबात नाही. चायकोव्हस्कीची सहावी सिंफनी बघा, १८९३ ची. तिसरा भाग इतक्या जोशात संपतो की अनेक सभागृहांत तिथे टाळ्या पडतातच. पडू द्याव्यात. पण शेवटचा भाग खर्जातल्या तारवाद्यांवर विझत विझत जातो. तिथे एकाने घाई केली तर सगळ्यांचं काहीतरी हरवतं. शांततेने ऐकणं हे कसब आहे, ते जरूर शिकावं. फक्त त्याला शीलाची परीक्षा करू नये. त्या कसबाचा धाक घालून आपण नव्या माणसाला दारातूनच परत पाठवत असू, तर नुकसान संगीताचंच आहे.

तेव्हा पहिल्यांदा जाणाऱ्याला माझं उत्तर साधं आहे. कंडक्टरच्या हातांकडे बघा. भाग संपल्यावर हात वरच असतील तर थांबा. ते पूर्ण खाली आले, तो श्रोत्यांकडे वळला, की वाजवा. आणि मध्येच हात उठले, कुणी वळून बघितलं, तर ओशाळू नका. पॅरिसच्या त्या श्रोत्यांनी हेच केलं होतं, आणि मोझार्ट खूश झाला होता.

आता तुमचे प्रश्न घेऊ.