आयकर, वैयक्तिक : नेहमीचे प्रश्न आणि कायदेशीर सल्ला

व्यक्तीच्या वर्षभराच्या उत्पन्नावर केंद्र सरकार आकारते तो प्रत्यक्ष कर. भारतात तो १८६० साली जेम्स विल्सन यांनी आणला. १८५७च्या उठावानंतर रिती झालेली तिजोरी भरणे हा त्यामागचा हेतू होता. पुढे १९२२चा कायदा आला, त्यानंतर १ एप्रिल १९६२पासून आयकर अधिनियम, १९६१ लागू झाला आणि १ एप्रिल २०२६पासून त्याची जागा आयकर अधिनियम, २०२५ने घेतली. नव्या कायद्यात ‘मागील वर्ष’ आणि ‘निर्धारण वर्ष’ ही गोंधळाची जोडी जाऊन ‘करवर्ष’ ही एकच संज्ञा आली आहे. आधीच्या वर्षांची प्रकरणे मात्र जुन्याच कायद्याने चालतात. म्हणून नोटिशींवर जुने कलमक्रमांक आणखी काही वर्षे दिसत राहतील, आणि या नोंदीतले क्रमांकही १९६१च्या कायद्याचे आहेत.

करदात्याला पडणारे प्रश्न ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. पहिला आकड्यांचा : रिटर्नमधली रक्कम विभागाकडच्या नोंदीशी का जुळत नाही? दुसरा अर्थाचा : हा व्यवहार कायद्याच्या नजरेत नेमका काय आहे? पहिल्याला कागदपत्रे आणि सनदी लेखापाल (सीए) पुरतात. दुसऱ्याला बरेचदा वकील लागतो, आणि तोही नोटीस आल्यावर गाठण्याऐवजी खरेदीखतावर सही होण्याआधी गाठलेला बरा.

आकड्यांचे प्रश्न

पगारदारांचा सर्वांत सामान्य घोटाळा नोकरी बदलल्याच्या वर्षी होतो. समजा, वर्षाला १८ लाख रुपये पगार असलेल्या माणसाने सप्टेंबरअखेर नोकरी सोडली आणि ऑक्टोबरपासून तेवढ्याच पगारावर दुसरी धरली. जुन्या पगाराची माहिती त्याने नव्या कंपनीला दिली नाही, तर तिला फक्त सहा महिन्यांचे ९ लाख दिसतात. नव्या करप्रणालीत आर्थिक वर्ष २०२५-२६साठी १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कलम ८७ए खाली सूट आहे आणि पगारातून ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. त्यामुळे ही कंपनी एक रुपयाही कापत नाही. प्रत्यक्षात एकूण करपात्र उत्पन्न १७.२५ लाख आणि उपकरासह कर १,५०,८०० रुपये. पहिल्या कंपनीने अंदाजे निम्मा कापलेला असतो. उरलेले सुमारे ७५,००० रुपये जुलैत व्याजासह भरावे लागतात. नव्या ठिकाणी रुजू होताना फॉर्म १२बी भरून दिला असता, तर ही वेळ आली नसती.

मुदतठेवींबाबत असाच गैरसमज आढळतो. बँकेने १० टक्के टीडीएस (उगमस्थानी करकपात) कापला म्हणजे व्याजावरचा कर संपला, असे अनेक ज्येष्ठ नागरिक धरून चालतात. टीडीएस ही फक्त आगाऊ कपात. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाला उरलेला कर स्वतः भरावा लागतो. नोव्हेंबर २०२१पासून उपलब्ध झालेल्या वार्षिक माहिती विवरणात (एआयएस) व्याज, लाभांश, शेअर व म्युच्युअल फंडांचे व्यवहार, मालमत्तेची खरेदी-विक्री असे बरेच काही एका जागी दिसते. रिटर्न भरण्यापूर्वी कंपनीने दिलेला फॉर्म १६, कापलेल्या कराचे विवरण असलेला फॉर्म २६एएस आणि एआयएस शेजारी ठेवून पाहिले, तर बहुतेक नोटिशींचे कारणच उरत नाही.

बंगळुरूच्या केंद्रीकृत प्रक्रिया केंद्राकडून कलम १४३(१) खाली येणारी सूचना पाहून अनेकांच्या पोटात गोळा येतो. ती चौकशीची नोटीस नसते. विभागाने संगणकावर केलेली बेरीज-वजाबाकी तिच्यात असते. त्यातली उघड चूक कलम १५४ खाली अर्ज करून दुरुस्त होते. त्यासाठी आदेशाचे आर्थिक वर्ष संपल्यापासून चार वर्षांची मुदत आहे. सदोष रिटर्नची सूचना, म्हणजे कलम १३९(९), आली तर साधारण १५ दिवसांत सुधारणा करावी लागते.

नोटीस खरी आहे की बनावट, हे आधी पाहावे. १ ऑक्टोबर २०१९पासून विभागाच्या पत्रव्यवहारावर दस्तऐवज ओळख क्रमांक (डीआयएन) असतो आणि आयकर पोर्टलवर लॉगिन न करताही तो पडताळता येतो. मोबाइलवर आलेल्या दुव्याला हात लावण्याची गरजच पडत नाही.

आणखी एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट : पोर्टलवर कोणाचा ईमेल आणि मोबाइल नोंदवलेला आहे. रिटर्न भरून देणारे काही मध्यस्थ स्वतःचाच पत्ता घालतात. मग नोटीस त्यांच्याकडे जाते, मुदत उलटते आणि करदात्याला पत्ता लागतो तो परतावा अडकल्यावर. परताव्याच्या टक्केवारीवर फी घेणाऱ्यांपासून तर चार हात लांब राहावे. खोटे घरभाडे किंवा राजकीय पक्षाला न दिलेली देणगी दाखवून परतावा मिळवला, तर ते ‘चुकीचे विवरण’ ठरते आणि कलम २७०ए खाली लपवलेल्या उत्पन्नावरील कराच्या २०० टक्के दंड होतो. सही करदात्याची असते, मध्यस्थाची नव्हे.

अर्थाचे प्रश्न

नातेवाईक कोण? आर्थिक वर्षात ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम भेट मिळाली, तर ती पूर्ण करपात्र ठरते. नातेवाइकांकडून किंवा स्वतःच्या लग्नात मिळालेल्या भेटींना सवलत आहे. पण कायद्यातले नातेवाईक आणि पंगतीला बसणारे नातेवाईक यांत फरक आहे. मामाने भाच्याला पाच लाख दिले, तर करमुक्त. तोच भाचा कमावता झाल्यावर मामाला पाच लाख देतो, तेव्हा ते मामाच्या हातात करपात्र! कारण नाते घेणाऱ्याच्या बाजूने मोजले जाते : आईवडिलांची भावंडे यादीत आहेत, भावंडांची मुले नाहीत. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेबहीण यांनाही तिथे जागा नाही. नवऱ्याने बायकोला दिलेली रक्कम करमुक्त खरी, पण तिने ती मुदतठेवीत ठेवली की त्यावरचे व्याज कलम ६४ प्रमाणे नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवले जाते. बक्षीसपत्र अगदी बिनचूक नोंदवले तरी हा नियम चुकत नाही.

शेतजमीन. शेतीचे उत्पन्न करमुक्त. पण जमीन विकल्यावर मिळालेल्या पैशाचे काय? ग्रामीण शेतजमीन ही कायद्याच्या भाषेत भांडवली मालमत्ताच नाही, म्हणून तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. ‘ग्रामीण’ कशाला म्हणायचे ते अंतरावर ठरते. नगरपालिका वा महानगरपालिकेची लोकसंख्या १०,००० ते १ लाख असेल, तर हद्दीपासून २ किलोमीटर, १ ते १० लाख असेल, तर ६ किलोमीटर आणि १० लाखांच्या वर ८ किलोमीटर हवाई अंतराच्या आतली जमीन शहरी धरली जाते. पूर्वी हे अंतर रस्त्याने मोजायचे की सरळ रेषेत, यावर वाद होता; मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१५ साली हवाई अंतराची दुरुस्ती पूर्वलक्षी नसल्याचे म्हटले. पुणे किंवा नाशिकच्या वेशीवरच्या जमिनीत अर्ध्या किलोमीटरच्या फरकाने लाखो रुपयांचा कर उभा राहतो. सातबाऱ्यावर पीक लागलेले असणे एवढाच पुरावा अशा वेळी पुरत नाही. जमीन सरकारने संपादित केली असेल, तर ती कोणत्या कायद्याखाली घेतली हेही पाहावे लागते. २०१३च्या भूसंपादन कायद्याच्या कलम ९६ने त्या कायद्याखालच्या निवाड्याची भरपाई आयकरमुक्त केली आहे.

घर आणि फ्लॅट. २३ जुलै २०२४पासून दीर्घकालीन भांडवली नफ्यावर महागाई निर्देशांकाविना १२.५ टक्के कर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या जमीन-इमारतीसाठी निवासी व्यक्तीला निर्देशांकासह २० टक्क्यांचा हिशेबही करून पाहता येतो. वारशाने किंवा बक्षीस मिळालेल्या घरात निर्देशांक कोणत्या वर्षापासून धरायचा, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. मुलीने १९९३ साली घेतलेला फ्लॅट २००३ साली आईला बक्षीस दिला आणि आईने तो त्याच वर्षी विकला. विभागाचे म्हणणे होते की गणना २००३पासून व्हावी. न्यायालयाने २०११ साली आईच्या बाजूने कौल दिला : गणना मुलीने फ्लॅट घेतला तेव्हापासून.

पुनर्विकासाने मुंबईत नवाच प्रश्न उभा केला. सोसायटीच्या जुन्या घराच्या बदल्यात मोठे घर मिळाले, तर किमतीतला फरक उत्पन्न मानायचा का? एका प्रकरणात नव्या फ्लॅटचे मुद्रांक मूल्य सुमारे २५ लाख आणि जुन्याची निर्देशांकित किंमत सुमारे ५.४३ लाख होती. अधिकाऱ्याने मधले १९ लाख ७४ हजार ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ म्हणून धरले. आयकर अपील न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाने २०२५ साली ती भर रद्द केली : जुना हक्क संपून त्याच्या जागी नवा आला, फुकट काही मिळाले नाही.

दांपत्याचे उत्पन्न, गोव्यात. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतल्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीखाली येणाऱ्या पतिपत्नींना कलम ५ए लागू होते. घरभाडे, दुकानाचा नफा, व्याज, भांडवली नफा हे दोघांत निम्मे-निम्मे वाटून प्रत्येकाच्या रिटर्नमध्ये दाखवायचे; पगार मात्र ज्याचा त्याचा. लग्नापूर्वी वेगळा करार केला असेल, तर चित्र बदलते आणि तिथे स्थानिक वकिलाला विचारणे भाग असते.

परदेशातले शेअर. पुण्याच्या हिंजवडीत अमेरिकी कंपनीत काम करणाऱ्यांना पगाराचा काही भाग मूळ कंपनीच्या शेअरमध्ये मिळतो. निवासी करदात्याने ते रिटर्नच्या ‘एफए’ परिशिष्टात दाखवणे सक्तीचे आहे, उत्पन्न काही मिळालेले नसले तरी. २०१५च्या काळा पैसा कायद्यात ही माहिती न देण्याला १० लाखांचा दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४पासून स्थावर सोडून एकूण २० लाखांपर्यंतच्या मालमत्तेला त्यातून वगळले आहे. आखाती देशांतून किंवा अमेरिकेतून परतणाऱ्यांनी आपण कोणत्या वर्षापासून ‘निवासी’ ठरतो, हे तिकीट काढण्याआधी तपासलेले बरे.

सल्ला कधी आणि कोणाचा

कलम २८८ प्रमाणे करदात्याच्या वतीने नातेवाईक, सीए, वकील किंवा पात्रताधारक कर-व्यवसायी हजर राहू शकतो. ऑगस्ट २०२०पासून बहुतेक छाननी ‘फेसलेस’ आहे : अधिकारी कोण आणि कुठला, हे कळत नाही आणि सारे काही लेखी चालते. कलम १४३(२) खालच्या छाननीत मुरलेला सीए पुरतो. पुढच्या प्रसंगी मात्र वकिलाला गाठण्यात दिरंगाई करू नये.

पहिला, कलम १४८ए ची नोटीस. जुने वर्ष पुन्हा उघडण्याआधी करदात्याला बाजू मांडायची संधी तिच्यात मिळते. १ सप्टेंबर २०२४पासून जुने वर्ष उघडण्याची कालमर्यादा साधारणपणे ३ वर्षे ३ महिने आणि लपलेले उत्पन्न ५० लाख वा अधिक असल्यास ५ वर्षे ३ महिने आहे. नोटीस मुदतीबाहेरची असेल, तर अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट करता येते. दुसरा, झडती, सर्वेक्षण किंवा कलम १३१चे समन्स. झडतीत शपथेवर दिलेला जबाब पुरावा म्हणून वापरला जातो आणि नंतर फिरवणे अवघड जाते. तिसरा, खटल्याची सूचना. कलम २७६सी खाली कर हेतुपुरस्सर चुकवल्यास कैद होऊ शकते. इथे आणखी एक फरक कामी येतो : पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींना भारतीय साक्ष्य अधिनियमाचे संरक्षण आहे, सीएला सांगितलेल्या गोष्टींना तसे नाही.

कधीकधी प्रश्न एका माणसाचा राहतच नाही. ५ जुलै २०२४ रोजी रिटर्न भरण्याच्या सरकारी प्रणालीत बदल झाला आणि शेअरच्या अल्पकालीन नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नावर कलम ८७ए ची सूट मागण्याची सोयच बंद झाली. मुंबईच्या चेंबर ऑफ टॅक्स कन्सल्टंट्सने जनहित याचिका केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२४च्या अंतरिम आदेशानंतर रिटर्नची मुदत १५ जानेवारी २०२५पर्यंत वाढली, आणि २४ जानेवारीच्या निकालात न्यायालयाने म्हटले की प्रणाली करदात्याला दावा करण्यापासून रोखू शकत नाही. सूट द्यायची की नाही, हे त्यात ठरले नाही. २०२५-२६पासून कायद्यानेच विशेष दराच्या उत्पन्नाला ती नाकारली.

अपिलाची वाट

आदेश मान्य नसेल, तर ३० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जाता येते. फी जास्तीत जास्त १,००० रुपये. अपील केले म्हणून वसुली आपोआप थांबत नाही. स्थगितीसाठी सामान्यतः मागणीचा काही भाग भरावा लागतो. पुढची पायरी २५ जानेवारी १९४१ रोजी स्थापन झालेले आयकर अपील न्यायाधिकरण. महाराष्ट्र-गोव्यात त्याची खंडपीठे मुंबई, पुणे, नागपूर आणि पणजी येथे आहेत आणि करदाता तिथे स्वतः उभा राहून बाजू मांडू शकतो. त्यावरचे अपील मुंबई उच्च न्यायालयात १२० दिवसांत करता येते, पण फक्त कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावर. वस्तुस्थितीबाबत न्यायाधिकरणाचा शब्द सहसा अखेरचा असतो. त्यातच पहिल्या अपिलात नवा पुरावा देण्यावर नियम ४६एचे निर्बंध आहेत. त्यामुळे बँकेचा उतारा, साठेखत, बांधकामाच्या पावत्या असे जे काही दाखवायचे ते छाननीच्या पहिल्या उत्तरालाच जोडण्याचा आग्रह अनुभवी वकील धरतात.