पारडे झुकवणारे मत



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांच्यापुढे बाकावर बसण्याचे भाग्य मला लाभले. वर्गात आल्यावर ते प्रथम हजेरी घेत. हजेरीपट मिटताना एक वाक्य ते हमखास बोलत : जे आले त्यांचे मला कळले, जे आले नाहीत त्यांची चौकशी करा. त्या वयात आम्हांला ही केवळ शिस्त वाटे. पुढे विधिमंडळांच्या इतिहासाची पाने चाळताना या वाक्याचा खरा अर्थ उमगला. आज त्याच अर्थाविषयी चार शब्द बोलणार आहे. मी मराठीचा अध्यापक. इतिहास हा माझा पेशा नव्हे. तेव्हा अधिकाराच्या सुरात न बोलता एका वाचकाच्या भूमिकेतून बोलेन.

सभागृहात दोन बाजू समसमान होतात, तेव्हा मधल्या मोजक्या सभासदांच्या मताला विलक्षण मोल येते. तराजूची पारडी बरोबरीत असली की चिमूटभर धान्यानेही एक पारडे खाली जाते. आरोग्याचा, विशेषतः आईच्या आणि बाळाच्या आरोग्याचा प्रश्न आपल्या विधिमंडळांत आला, तेव्हा ही चिमूट कोणाच्या हाती होती, असा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला का पडला, ते आधी सांगतो. माझी धाकटी मावशी आदिलाबादच्या एका जिनिंगमध्ये कामाला होती. साल १९५८च्या आसपासचे असावे. मी सातआठ वर्षांचा होतो. नववा महिना भरेपर्यंत ती कापसाच्या धुरळ्यात उभी असे. सुईणीने घरीच बाळंतपण केले आणि दहाव्या दिवशी मावशी पुन्हा कामावर गेली. बाळ झोळीत, सरकीच्या ढिगाआड. ते मूल दोन महिन्यांचे होऊन गेले. घरात कोणी कोणाला दोष दिला नाही. दैव म्हणून सर्वांनी डोळे पुसले. यात दैवाचा भाग किती आणि कायद्याचा किती, हे विचारण्याइतके शहाणपण मला फार उशिरा आले.

कायद्याचा भाग पाहू. १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने बाळंतपणापूर्वी सहा आणि नंतर सहा आठवडे कामगार स्त्रीला विश्रांती व भत्ता मिळावा, असा करार मंजूर केला. हिंदुस्थान सरकारने तो स्वीकारला नाही. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांच्या बाळंतपणाची चौकशी सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांकडून करविली. कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफू देऊन झोपवीत, ही गोष्ट त्या चौकशीमुळे सरकारी कागदांवर आली. नारायण मल्हार जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक आणले. जोशी हे कामगारांचे नामनिर्देशित प्रतिनिधी. कामगारांना मताधिकार नव्हता, म्हणून त्यांचा प्रतिनिधी सरकारने नेमावा आणि त्याने सरकारशीच भांडावे, अशी ती विचित्र व्यवस्था होती. ते विधेयक फेटाळले गेले.

त्यानंतर मुंबई प्रांताच्या कायदेकौन्सिलात आर. एस. असवले यांनी तसेच विधेयक मांडले. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. ते वर्ष मुंबईच्या प्रचंड गिरणी संपाचे. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्या बंद होत्या. संप चालू असताना मालकांवर नवा बोजा टाकणाऱ्या विधेयकाला मते मिळवणे किती बिकट असेल, याची कल्पना करावी. हा खर्च उद्योगावर का लादावा, हा मुख्य आक्षेप होता. आंबेडकरांचा युक्तिवाद साधा होता. आईला बाळंतपणाच्या आधी व नंतर विश्रांती मिळणे यात राष्ट्राचेच हित आहे. त्यामुळे या खर्चाचा मोठा भाग खरे म्हणजे सरकारने उचलावा. परंतु सरकार तो उचलत नाही तोवर, ज्या मालकाला स्त्रीच्या श्रमातून नफा होतो, त्याने त्यातला वाटा देणे न्याय्यच आहे.

१९२९ साली हा कायदा मंजूर झाला. दिवसाला आठ आणे, तेही जास्तीत जास्त सात आठवडे. आज ही रक्कम क्षुल्लक वाटेल. परंतु बाळंतीण ही कायद्याच्या दृष्टीने हक्कदार आहे, हे तत्त्व या देशात त्या आठ आण्यांनी प्रस्थापित केले. पुढच्याच वर्षी शेजारच्या मध्य प्रांताने असा कायदा केला. वर्धा नदीच्या पलीकडे चांदा जिल्हा मध्य प्रांतात आणि अलीकडचा राजुरा आपल्या आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्या राज्यात. कापूस नदी ओलांडून जाई, मजूरही जात. कायदा मात्र नदी ओलांडून अलीकडे येऊ शकत नव्हता. प्रौढ मताधिकाराने निवडलेले सभागृह हैदराबाद राज्याला १९५२ साली प्रथम मिळाले. तोपर्यंत आपल्या आजी-आजोबांचे मत कोणत्याच पारड्यात नव्हते. ते विरोधकही नव्हते की समर्थकही. हजेरीपटावर त्यांचे नावच नव्हते.

आता दुसरा प्रसंग सांगतो. माझ्या मते तो अधिक बोधप्रद आहे, कारण त्यात पराभव झाला.

१९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई प्रांतात नवी विधानसभा आली. तिच्या जागा १७५. काँग्रेसला निम्म्याच्या आसपास जागा मिळाल्या आणि जुलैमध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले. आरोग्यखाते डॉ. गिल्डर यांच्याकडे, ते स्वतः नामांकित हृदयरोगतज्ज्ञ. विरोधी बाकांवर आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सुमारे पंधरा सभासद होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजी या पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी एक अशासकीय ठराव मांडला : संततिनियमनाचा सरकारने जनतेत जोमाने प्रचार करावा आणि त्यासाठी पुरेशा सोयी उपलब्ध कराव्यात. भाषण आंबेडकरांनी तयार केलेले होते. वरचेवरच्या बाळंतपणांनी खंगणारी स्त्री आणि खाणारी तोंडे वाढत गेल्याने दारिद्र्यात रुतणारे कुटुंब, हे त्याचे सूत्र होते.

काळ अनुकूल नव्हता. र. धों. कर्वे यांनी १९२१ पासून संततिनियमनाचे केंद्र आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून समाजाचा रोष ओढवून घेतला होता. त्यांच्यावरील एका खटल्यात १९३४ साली आंबेडकरच त्यांचे वकील होते. गांधीजींचा कृत्रिम साधनांना विरोध होता. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर त्यांना भेटावयास वर्ध्याला आल्या, तेव्हाही संयम हाच मार्ग, ही त्यांची भूमिका कायम राहिली. शिवाय ठरावाच्या तीनच दिवस आधी, ७ नोव्हेंबरला, औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध कामगारांचा एक दिवसाचा संप होऊन गेला होता. सरकारपक्ष आणि मजूर पक्ष यांच्यात त्या आठवड्यात विशेष गोडी नसणार, हे उघड आहे.

मते मोजली गेली. ठरावाच्या बाजूने ११, विरुद्ध ५२. ठराव फेटाळला गेला.

हे आकडे अनेक ग्रंथांत येतात आणि वाचक पुढे जातो. गुरुजींच्या सवयीने मी त्यांची बेरीज केली. ११ आणि ५२ मिळून ६३. सभागृहाच्या जागा १७५. म्हणजे ११२ जागांची मते कोणत्याच बाजूला पडली नाहीत. त्यात सभापती मावळंकर येतात. कोणी आजारी असेल, कोणी गावी गेला असेल, कोणी कॉरिडॉरमध्ये चहा घेत असेल. त्यांच्यापैकी कोणाच्याही हेतूविषयी मी शंका घेणार नाही. पण गणित गणितच राहते. ठराव मंजूर होण्यास ५३ मते पुरेशी होती. ११ मध्ये ४२ ची भर हवी होती आणि बाहेर ११२ होते. मजूर पक्षाचे स्वतःचे बळ पंधराच्या घरात असता बाजूने अकराच मते पडली, हेही नमूद केले पाहिजे. आपण पराभवाचे खापर ५२ जणांवर फोडतो. त्यांनी निदान उभे राहून आपले मत नोंदवले. इतिहास त्यांना जाब विचारू शकतो. पारडे झुकवण्याची शक्ती ज्यांच्याकडे होती, त्यांना जाब विचारण्याची सोयच उरली नाही.

स्वतंत्र भारताने १९५२ साली कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. सरकारी पातळीवर असा कार्यक्रम घेणारा भारत हा जगातील पहिला देश मानला जातो. जी गोष्ट १९३८ साली ११ मतांची होती, ती चौदा वर्षांत राष्ट्राचे धोरण झाली. मग बिघडले काय, असे कोणी विचारील. बिघडले ते त्या चौदा वर्षांत. त्या काळात ज्या स्त्रिया आठव्या-नवव्या बाळंतपणात गेल्या, त्यांना धोरण उशिरा का होईना आले, याचे समाधान नव्हते.

याच्या उलट टोकाचे एक उदाहरण दूरच्या देशातले आहे. अमेरिकेत सर्वांना आरोग्यविमा मिळावा, या कायद्यावरून मोठा संघर्ष झाला. तेथील सिनेटमध्ये चर्चा थांबवून मतदानाला जाण्यासाठी ६० मते लागतात. २४ डिसेंबर २००९ रोजी विधेयक ६० विरुद्ध ३९ ने संमत झाले. त्या साठांपैकी एकही गळला असता तर ते अडले असते. प्रतिनिधिगृहात २१ मार्च २०१० रोजी २१९ विरुद्ध २१२ असा निकाल लागला. अध्यक्ष ओबामा यांच्याच पक्षाच्या ३४ जणांनी विरोधात मत दिले. बार्ट स्टुपाक यांच्यासारखे काही सभासद गर्भपाताच्या खर्चाच्या मुद्द्यावर अडून होते. अध्यक्षीय आदेशाचे आश्वासन मिळाल्यावर ते वळले. येथेही बेरीज करून पाहा : २१९ आणि २१२ म्हणजे ४३१. एकूण जागा ४३५, त्या दिवशी रिक्त ४. म्हणजे एकूण एक सभासद मत देऊन गेला.

सात वर्षांनी हा कायदा मोडीत काढण्याचा प्रयत्न झाला. २८ जुलै २०१७ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर सिनेटमध्ये मतदान झाले. जॉन मॅक्केन यांना नुकतेच मेंदूच्या कर्करोगाचे निदान झाले होते. ते सत्तारूढ पक्षाचे होते, तरी त्यांनी अंगठा खाली करून नकार दिला. सुझन कॉलिन्स आणि लिसा मर्कोवस्की या त्यांच्याच पक्षाच्या दोघींनीही विरोध केला. निकाल ४९ विरुद्ध ५१; बेरीज १००, म्हणजे पूर्ण सभागृह. त्या कायद्याच्या गुणदोषांविषयी मतभेद असू शकतात. परंतु आजाऱ्यांच्या प्रश्नावर मत देण्यासाठी एक आजारी माणूस अपरात्री उठून आला, ही गोष्ट पक्षापलीकडची आहे.

आपल्याकडे पुढे काय झाले? १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. पक्षादेशाविरुद्ध मत दिले, किंवा पक्षादेश असूनही मतदान टाळले, तर सभासदत्व जाऊ शकते. घोडेबाजार थांबावा हा हेतू रास्तच होता. पण त्याबरोबर सदसद्विवेकाने वळणारे मतही दुर्मिळ झाले. अनेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. राजस्थानने २१ मार्च २०२३ रोजी आरोग्याच्या हक्काचा कायदा केला, तोही आवाजी मतदानानेच. आवाजी मतदानात कोण काय बोलले याची नोंद राहत नाही. कोण गप्प राहिले याची तर नाहीच. मतविभागणी मागण्याचा अधिकार सभासदाला आहे. तो वापरा, असे आपल्या आमदाराला सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे.

आपल्या जिल्ह्याचे २०१६ साली चार जिल्हे झाले. आदिलाबादला २००८ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. प्रसूतिरजेचा केंद्रीय कायदा १९६१ मध्ये झाला आणि २०१७ च्या दुरुस्तीने ती रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची झाली. माझ्या मावशीच्या दहा दिवसांपासून हा प्रवास मोठा आहे, यात शंका नाही. परंतु रोजंदारीने कापूस वेचणाऱ्या बाईची रजा कोण मोजतो? तिच्या बाजूचे पारडे अजून हलकेच आहे.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी कोणी ग्रामपंचायतीत असाल, कोणी नगरपालिकेत, कोणी शाळेच्या वा दवाखान्याच्या समितीवर. तेथेही असे ठराव येतात : उपकेंद्रासाठी जागा, परिचारिकेसाठी खोली, पावसाळ्यात पाड्यावर जाणारा रस्ता. त्या दिवशी लग्न असते, बाजार असतो, पाहुणे असतात. त्या दिवशी बैठकीला जा. विरोध करायचा तर उभे राहून करा, पण जा. निकाल लागल्यावर हातांची बेरीज करा, आणि गुरुजी सांगत तसे, जे आले नाहीत त्यांची चौकशी करा.