सुतासारखं सरळ

तर झालं असं, की दोन महिन्यांपूर्वी मी एक सर्क्युलर सॉ विकत घेतली. सव्वासात इंची पातं, हातात धरायची, विजेवर चालणारी. पुस्तकांचं कपाट करायचं होतं. आठ बाय चारचा प्लाय आणला, पेन्सिलीने रेघ मारली आणि रेघेवरून यंत्र ढकलत निघालो. पाच फुटांपर्यंत बरं चाललं होतं. मग हात किंचित वळला, पातं चिरेत आवळलं गेलं आणि यंत्राने माझ्याच दिशेने असा काही हिसका दिला की काळजाचा ठोका चुकला. बोटं शाबूत आहेत. कापलेली कड मात्र शेवटी रेघेपासून चांगली तीन सूत बाहेर.

पुढचे दोन वीकांत प्लायला हात न लावता हे यंत्र असं का वागतं ते वाचण्यात घालवले. (डॉक्युमेंटेशन आम्ही नेहमी सिस्टिम पडल्यावरच वाचतो. :) )

मुळात गोल करवत हातात धरायची वस्तूच नव्हती. इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनच्या सॅम्युएल मिलरचं पेटंट आहे 1777 सालचं. अमेरिकेतल्या शेकर पंथाच्या टॅबिथा बॅबिट या बाईंनी 1813 मध्ये सूतकताईच्या चाकावरून ही कल्पना काढली, अशी एक गोष्ट सगळीकडे सापडते. गोष्ट गोड आहे, पण पेटंटची तारीख बघितली की शोधाचं श्रेय काही त्यांच्याकडे जात नाही. ते असो. मुद्दा हा, की तेव्हापासून जवळपास दीडशे वर्षं करवत जागेवर आणि लाकूड चालतं, असाच मामला होता. लाकूड एका सरळ आडपट्टीला टेकवून पुढे सरकवायचं. सरळपणा यंत्रातच बसवलेला, माणसाच्या हातात नाही.

मग 1920 च्या दशकात एक गंमत झाली. 1922 मध्ये रेमंड डीवॉल्टने करवत एका आडव्या दांड्याला टांगली. आता लाकूड स्थिर आणि करवत चालती, पण दांड्याच्या लगामात. त्याच सुमारास न्यू ऑर्लीन्सला एडमंड मिशेल हा गृहस्थ ऊसतोडणी बघून कोयत्याला मोटर लावायच्या खटपटीत होता. त्याने म्हणे मिल्कशेक घुसळायच्या यंत्राची मोटर वापरली. उसाचं राहिलं बाजूला, पण जोसेफ सलिव्हनबरोबर 1924 मध्ये त्याने कंपनी काढली आणि हातात धरायची विजेची करवत बाजारात आली. 1926 पासून कंपनीचं नाव स्किलसॉ. पुढे 1928-29 च्या सुमारास पोर्टर-केबलच्या आर्ट एमन्सने मोटर पात्याला काटकोनात बसवून यंत्र आटोपशीर केलं. माझ्याकडे आहे ती याच वंशातली.

मिशेलने करवत लाकडाकडे नेली, हे थोरच. पण त्या नादात आडपट्टी मागे राहिली. आणि मला कळेना, की ही उणीव तेव्हा कुणाला खुपली कशी नाही?

माझं उत्तर असं: अमेरिकेत घरं बांधतात ती चार-सहा इंची लाकडी दांडक्यांची. ती आडवी कापायची, म्हणजे हातभर रेघसुद्धा नाही. त्याला गुण्या पुरतो. आल्बर्ट स्वान्सनने 1925 मध्ये काढलेला तो त्रिकोणी स्पीड स्क्वेअर दांडक्यावर दाबून धरला, यंत्राची प्लेट त्याला टेकवली, की झालं. खरी अडचण आली प्लायवुडमुळे. 1934 मध्ये पाण्याला दाद न देणारा गोंद आला, मग महायुद्ध, आणि आठ फुटी पत्रे घराघरांत पोचले. आठ फूट सरळ जायला हात अपुरा.

यावर सुतारांनी केलेली युक्ती सगळीकडे एकच: सरळ फळी क्लॅम्पने आवळा आणि प्लेट तिला घासत न्या. पण पातं प्लेटच्या कडेला नसतं, काही इंच आत असतं. म्हणजे दर वेळी ते अंतर मोजून फळी लावा. दर वेळी मोजलं की कधी ना कधी चुकणारच.

म्हणून कुणीतरी (नाव कुणाचंच नाही, असल्या गोष्टींना नसतंच) असं केलं: पातळ प्लायची रुंद पट्टी घेतली, तिच्यावर एक अरुंद सरळ पट्टी चिकटवली. प्लेट अरुंद पट्टीला टेकवून यंत्र एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवलं. खालच्या प्लायचा जास्तीचा भाग कापला गेला. आता उरलेली कड म्हणजे पातं जिथून जातं नेमकी तीच जागा! कड रेघेवर ठेवा आणि कापा. मोजमाप बंद. यंत्राने स्वतःच स्वतःला कॅलिब्रेट केलं. हे वाचून मी खुर्चीत उठून बसलो.

1960 च्या दशकात जर्मनीच्या फेस्टोने याच कामासाठी ॲल्युमिनियमची रूळपट्टी आणली. (1925 मध्ये एस्लिंगेनला फेत्सर आणि श्टोल यांनी काढलेली कंपनी, त्यांच्या नावांतून 'फेस्टो'. हत्यारं आज फेस्टूल नावाने विकतात.) फळी यंत्राला एकाच बाजूने अडवते, ते दुसरीकडे भरकटू शकतं. रुळावर उंचवटा असतो आणि प्लेटला खाच, त्यामुळे दोन्हीकडून बंदोबस्त. शिवाय हातातल्या करवतीचे दात खालून वर येतात, म्हणून वरच्या सनमायक्याच्या ढलप्या उडतात. त्यावर रुळाच्या कडेची रबरी पट्टी वरून दाब देते. आणि ही पट्टीसुद्धा पहिल्या कापाला आपल्याच पात्याने छाटून घ्यायची. म्हणजे पुन्हा तीच जुनी युक्ती.

डीवॉल्ट आणि मकिटा यांचे रूळ यायला 2008 उजाडलं. मधल्या काळात अमेरिकेत डिनो माक्रोपूलोसने उलटा विचार केला: नवं यंत्र कशाला, लोकांच्या साध्या करवतीलाच नवा तळ बसवू की! हा विचार मला जास्त पटतो, खिशामुळेही असेल. तोटे आहेत. तळाच्या जाडीइतकी कापायची खोली कमी होते, आणि साधी करवत पत्र्याच्या मध्यात वरून उतरवणं अवघड जातं, सहसा कडेपासूनच सुरुवात करावी लागते.

मी अर्थात फळीवालाच झालो. अरुंद पट्टीसाठी प्लायची कारखान्यातून आलेली कड वापरली, कारण तेवढी सरळ रेषा माझ्या घरात दुसरी नव्हती. पहिल्या प्रयत्नात मोटर क्लॅम्पवर जाऊन आदळली, तेव्हा क्लॅम्प टोकांना हलवले. दुसऱ्यांदा कापताना पातं प्लायच्या खाली जेमतेम दोन-तीन मिमी ठेवलं, पात्याच्या मागच्या रेषेतून बाजूला उभा राहिलो आणि आठ फूट एका दमात गेलो.

शेजारचे सुतारकाका बघायला आले होते. सुतार हा शब्द 'सूत्रधार' वरून आला, ते दोऱ्याने रेघ मारतात म्हणून, असं मी त्यांना उत्साहाने सांगितलं. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला, "बरंय" म्हणाले, आणि विचारलं, "गॉगल कुठाय?"

गॉगल आणलाय. चार फळ्या कापून झाल्यात. त्या तीन सूत वाकड्या तुकड्याचं काय करायचं, तेवढं कुणीतरी सुचवा.