शहराजवळचे रान आणि बायकांचा क्लब

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रान्सिस्को हे मोठे शहर आहे. त्याच्या उत्तरेस सुमारे २० किलोमीटरवर, डोंगराच्या घळीत ‘म्यूर वुड्स’ नावाचे जुने रान आहे. तेथे रेडवूड जातीचे प्रचंड वृक्ष आहेत. बहुतेकांचे वय ५०० ते ८०० वर्षे. म्हणजे आपल्याकडे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तेव्हा त्यांतले काही उभे होते. सर्वांत उंच झाड २५८ फूट, कुतुबमिनाराहूनही उंच! तेथे उन्हाळ्यात पाऊस पडत नाही. समुद्रावरून येणारे धुकेच या झाडांना ओलावा देते.

पूर्वी त्या किनाऱ्यावर अशी राने दूरवर पसरलेली होती. कोस्ट मिवोक हे मूळचे लोक हजारो वर्षे त्या मुलखात राहत होते, पण त्यांनी रान संपविले नाही. १८४९ साली सोन्याच्या लोभाने माणसांचे लोंढे आले, शहर वाढले, आणि घरांसाठी सभोवतालची झाडे भराभर तोडली गेली. ही एक घळ तेवढी वाचली. ती अडचणीची होती आणि तेथून ओंडके बाहेर काढणे परवडत नव्हते, एवढेच कारण. अडचण संपली की कुऱ्हाड येणार, हे उघड होते.

हे प्रथम ज्यांनी ओळखले त्यांत तेथील स्त्रिया होत्या. त्या डोंगराच्या पायथ्याशी मिल व्हॅली हे गाव आहे. तेथे १९०२ साली ३५ स्त्रियांनी एक क्लब काढला. आपल्या मंडळासारखाच म्हणा ना! लॉरा लायन व्हाइट या बाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा. कॅलव्हेरस येथील महावृक्ष वाचविण्यासाठी देशभरातून लाखो सह्या गोळा करण्याच्या कामातही त्याच पुढे होत्या. १९०४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘कॅलिफोर्निया क्लब’मधील स्त्रियांनी ही घळ विकत घेऊन लोकांसाठी राखावी म्हणून चळवळ सुरू केली. त्या वेळी कॅलिफोर्नियातील स्त्रियांना मतही देता येत नव्हते. तो हक्क त्यांना १९११ साली मिळाला.

एवढी मोठी रक्कम उभी करणे स्त्रियांच्या आवाक्याबाहेरचे ठरले. मग १९०५ साली विल्यम केंट आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ यांनी ४५,००० डॉलर देऊन ६११ एकर जागा घेतली. एवढा पैसा घालावा का, अशी काळजी एलिझाबेथबाईंना पडली होती. संसार चालविणाऱ्या बाईला ती पडायचीच. सारा पैसा गेला तरी झाडे वाचली म्हणजे मिळविले, अशी केंटांनी त्यांची समजूत घातली.

पुढच्याच वर्षी, १९०६ साली, भूकंप आणि आगीने सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झाले. लाकडाची आणि पाण्याची गरज एकदम वाढली. १९०७ साली एका पाणी कंपनीने घळीत धरण बांधण्यासाठी कोर्टातर्फे सक्तीने जमीन मागितली. पाण्यासाठी मागितलेली जागा ‘नाही’ म्हणणे किती कठीण, हे घागर उचलणाऱ्यांना सांगायला नको. केंटांनी युक्ती केली. २९५ एकर जागा त्यांनी राष्ट्रीय सरकारला दान दिली, म्हणजे कंपनीचा हात तेथे पोचू नये. १९०८ सालच्या ९ जानेवारीस अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ती राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली. रूझवेल्ट केंटांचे नाव देऊ इच्छीत होते, पण केंटांनी नकार देऊन वनप्रेमी जॉन म्यूर यांचेच नाव ठेवावयास लावले.

चांगले काम करणारा माणूस सर्वच बाबतींत चांगला असतो असे नाही. आशियातील लोकांना त्या देशात येऊ देऊ नये, अशा मताचे हेच केंट होते. ते लपविण्यात अर्थ नाही आणि त्यामुळे झाडांचे मोलही कमी होत नाही.

जतन म्हणजे एकदा कुंपण घातले आणि झाले असे नव्हे. १९३७ साली गोल्डन गेट पूल झाला आणि माणसांची रीघ लागली. पुढे गर्दी एवढी वाढली की २०१८ पासून मोटार उभी करण्याची जागाही आधी राखून ठेवावी लागते. लोकांसाठी वाचविलेले रान लोकांपासूनही जपावे लागते!

भगिनींनो, मला या हकिगतीतील एक गोष्ट विशेष वाटली. रानाला म्यूर यांचे नाव आहे, दान केंटांचे, सही रूझवेल्टांची. पहिली हाक देणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख मात्र तेथील माहितीफलकावर कित्येक वर्षे नव्हता. २०२१ साली तो जोडला गेला आणि २०२५ साली पुन्हा काढला गेला. हळदीकुंकवाच्या बैठकीत ठरलेली कामे पुष्कळदा अशीच विसरली जातात. आपल्याही गावाशेजारी एखादी देवराई, एखादा जुना वड असतो. तो राखण्यासाठी आपण काही केले, तर मंडळाच्या इतिवृत्तात तारीखवार लिहून ठेवावे आणि प्रत्येकीचे नावही घालावे. झाडे पाचशे वर्षे टिकतात, पण आठवण लिहिली नाही तर पन्नास वर्षेही टिकत नाही.