शिक्का नेमकी कशाची ग्वाही देतो?

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याचा हात छोट्या विद्युत भट्टीच्या पत्र्याला लागला आणि त्याला झटका बसला. पायांत रबरी चपला होत्या म्हणून निभावले. भट्टी ज्या एक्स्टेन्शन बोर्डाला जोडली होती तो आम्ही उघडला, तर हिरवी तार आत शिरताच कापून टाकलेली! तीन पिनांचा प्लग, तीन भोकांचे सॉकेट. पण अर्थिंगचा पत्ता नाही. बोर्ड विकत घेताना आम्ही शिक्का पाहूनच घेतला होता. प्लगवर आयएसआयचे चिन्ह होते आणि ते खोटेही नव्हते. मग चूक कोठे झाली? त्यासाठी ही चिन्हे मुळात कशी जन्माला आली ते पाहावे लागेल.

१८९३ साली अमेरिकेतील शिकागो शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले. विजेचे दिवे इतक्या प्रचंड संख्येने एका ठिकाणी लोक प्रथमच पाहत होते. पण प्रदर्शनाच्या इमारती बहुतांशी लाकूड आणि गिलाव्याच्या, आणि तारांवरचे आवरण त्या काळच्या मानाने जेमतेम. यात जीव टांगणीला लागला तो विमा कंपन्यांचा. आग लागली तर भरपाई त्यांनाच द्यायची होती. त्यांनी विल्यम हेन्री मेरिल या तरुण विद्युत अभियंत्याला तपासणीसाठी बोलावून घेतले. मेरिलच्या लक्षात आले, की प्रत्येक इमारतीत जाऊन तारा पाहण्यापेक्षा वस्तू बाजारात येण्यापूर्वीच तपासावी. २४ मार्च १८९४ रोजी त्याच्या लहानशा प्रयोगशाळेने पहिली चाचणी केली. ती होती एका न जळणाऱ्या विद्युतरोधक पदार्थाची. १९०१ साली या उद्योगाला ‘अंडररायटर्स लॅबोरेटरीज’ असे रीतसर नाव मिळाले. वर्तुळातील ‘यूएल’ ही अक्षरे ती हीच. अंडररायटर म्हणजे विमा उतरवणारा. ग्राहकाच्या कळवळ्यापेक्षा विम्याच्या हिशेबातून हे काम सुरू झाले, हे त्या नावातच लिहिलेले आहे. १९०३ साली या संस्थेने काढलेले पहिले मानक तर विजेच्या वस्तूचे नव्हतेच. ते होते पत्रा मढवलेल्या अग्निरोधक दारांचे.

यूएलच्या शिक्क्याचा अर्थ मर्यादित आहे. संस्थेने उत्पादनाचे नमुने एका ठरावीक मानकानुसार तपासले, ते उतरले, आणि कारखान्यावर तिची अधूनमधून नजर असते, एवढेच तो सांगतो. मिक्सर चटणी बारीक वाटेल का, दहा वर्षे टिकेल का, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. सुट्या भागांसाठी तर वेगळेच चिन्ह आहे. त्यात आर आणि यू ही अक्षरे आरशात दिसावीत तशी उलटी असतात. भाग तपासलेला आहे, पण ज्या यंत्रात तो बसवला ते यंत्र तपासलेले असेलच असे नाही, हा त्याचा अर्थ.

तपासतात तरी काय? घरगुती उपकरणांसाठी माणसाच्या बोटासारखे सांधे असलेले, १२ मिलिमीटर जाडीचे आणि ८० मिलिमीटर लांबीचे एक धातूचे बोट असते. ते उपकरणाच्या प्रत्येक फटीत घालून पाहतात. विद्युतभारित भागाला बोट टेकले की वस्तू नापास! (लहान मुलांची बोटे याहून बारीक असतात, म्हणून त्यांच्यासाठी निराळी बोटे केलेली आहेत.) शिवाय विद्युतरोधन हजार व्होल्ट किंवा त्याहून अधिक दाबाखाली टिकते का ते पाहतात आणि बाहेरच्या भागातून किती प्रवाह झिरपतो तेही मोजतात.

युरोपातील ‘सीई’ या अक्षरांबाबत मात्र फार गैरसमज आहेत. हे चिन्ह आजच्या रूपात १९९३ च्या निर्देशाने आले. घरगुती विद्युत उपकरणांच्या बाबतीत ते उत्पादक स्वतःच लावतो. आपण कायद्याच्या अटी पाळल्या आहेत असे तो जाहीर करतो आणि तांत्रिक कागदपत्रे जवळ ठेवतो. बाहेरच्या प्रयोगशाळेची सक्ती नसते. म्हणजे हा परीक्षकाने दिलेला निकाल नव्हे, परीक्षार्थीचे प्रतिज्ञापत्र आहे. ते खोटे ठरल्यास शिक्षा होते, हे खरे. पण दुकानदार ‘युरोपात पास झालेला माल’ म्हणून जे सांगतो, त्यात आम्हाला तथ्य दिसत नाही.

भारतात ६ जानेवारी १९४७ रोजी भारतीय मानक संस्था स्थापन झाली. भौतिकशास्त्रज्ञ डॉ. लाल चंद वर्मन हे तिचे पहिले संचालक. तिचे ‘आयएस १’, म्हणजे पहिल्या क्रमांकाचे मानक राष्ट्रध्वजाचे, हे विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे. १९५२ च्या कायद्याने तिला प्रमाणचिन्ह देण्याचा अधिकार मिळाला. १९८७ साली संस्थेची जागा भारतीय मानक ब्यूरोने घेतली. चिन्हातली आयएसआय ही अक्षरे मात्र तशीच राहिली. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो आणि खाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक. हे दोन्ही नसतील तर नुसत्या अक्षरांना किंमत नाही.

आता आमच्या बोर्डाकडे येऊ. प्लगवरच्या चिन्हावर आकडा होता आयएस १२९३. हे मानक प्लग आणि सॉकेटचे. केबलवर आयएस ६९४ होते, ते पीव्हीसी आवरणाच्या तारांचे. दोन्ही वस्तू आपापल्या परीक्षेत खरोखर उत्तीर्ण होत्या. पण त्या जोडणाऱ्या कारागिराच्या जोडणीवर कुठलाच क्रमांक नव्हता, आणि तांब्याचे दोन पैसे तिथेच वाचवले गेले होते. शाळांच्या प्रयोगशाळांत दिसणारे बरेचसे बोर्ड असेच स्थानिक दुकानात जोडलेले असतात. मल्टिमीटरने प्लगच्या जाड पिनेपासून सॉकेटच्या मोठ्या भोकापर्यंत सलगता तपासायला अर्धे मिनिट लागते. बोर्ड भिंतीतून काढलेला असला की झाले. नववीचे विद्यार्थीही हे करू शकतात. परवाना क्रमांक खरा आहे का, हे ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अॅपवर पाहता येते. मोबाइलच्या चार्जरवर मात्र आयएसआय शोधत बसू नये. त्यांची नोंदणी होते आणि त्यांवर ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक असतो. ही नोंदणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्या चाचणी-अहवालावरून मिळते. त्यासाठी ब्यूरोचा निरीक्षक आधी कारखान्यात जात नाही.